वीज मुरते ती गिअरबॉक्समध्ये

उद्योगातील वीजबचतीची चर्चा निघाली की ती बहुधा मोटारीपाशी सुरू होते आणि मोटारीपाशीच संपते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तीन फेजच्या मोटारींना किमान ‘आयई-२’ हा कार्यक्षमतेचा दर्जा बंधनकारक करणारा आदेश काढला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून पाऊण किलोवॉट ते एक हजार किलोवॉट क्षमतेच्या बहुतेक मोटारींना ‘आयई-३’ आणि १ जुलै २०२३ पासून ७५ ते २०० किलोवॉटच्या मोटारींना ‘आयई-४’ हा दर्जा सक्तीचा केला. या साऱ्यातून नेमके किती साधते? साडेसात किलोवॉटची, चार पोलची ‘आयई-२’ मोटार पूर्ण भारावर ८८.७ टक्के कार्यक्षम असते; ‘आयई-३’ मोटार ९०.४ टक्के. म्हणजे कारखानदार जादा किंमत मोजतो ती १.७ टक्क्यांसाठी. ही मोटार पुढे ज्या गिअरबॉक्सला जोडली जाते तो वर्म पद्धतीचा असेल आणि वेग साठ पटींनी उतरवत असेल, तर तेथे शंभरातले तीस ते चाळीस भाग उष्णतेच्या रूपाने सहज निघून जातात. मोटारीच्या पाटीवर तिचा दर्जा कोरलेला असतो. गिअरबॉक्सच्या पाटीवर वेगाचे प्रमाण आणि तेलाचा प्रकार असतो, कार्यक्षमता सहसा नसते. ती असावी अशी सक्ती आपल्याकडे नाही.

त्यामुळे वर्म की प्लॅनेटरी, हा वरकरणी यंत्रशाळेतला वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात वीजबिलाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाचा कणा मानल्या गेलेल्या साखर कारखान्यांत तर तो ताळेबंदाशी जाऊन भिडतो.

दोन्हींचे काम एकच. मोटार मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, यंत्राला मात्र वीस, पाच किंवा त्याहूनही कमी फेरे हवे असतात. वेग उतरवायचा आणि त्या प्रमाणात जोर वाढवायचा. वर्म गिअरबॉक्समध्ये पोलादी स्क्रू फॉस्फर ब्राँझच्या चाकाला रेटत नेतो. स्क्रूचा एक फेरा झाला की चाक एका दात्याने पुढे सरकते, म्हणून एकाच टप्प्यात साठ-सत्तर पटींनी वेग उतरवता येतो. रचना सुटसुटीत, आवाज कमी, किंमत माफक आणि शक्तीची दिशाही काटकोनात वळते, त्यामुळे मोटार आडबाजूला बसवण्याची सोय होते. प्लॅनेटरी गिअरबॉक्समध्ये मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी तीन किंवा अधिक ग्रहचक्रे आणि या सर्वांना कवेत घेणारे आतून दातेरी असलेले कंकण असते. भार एका दात्यावर न पडता अनेक ग्रहांत वाटला जातो. त्यामुळे तेवढाच जोर पेलण्यासाठी आकार लहान पुरतो. मात्र एका टप्प्यात वेग फार तर आठ-दहा पटींनीच उतरतो आणि साठ पटींसाठी दोन-तीन टप्पे एकापुढे एक जोडावे लागतात.

कार्यक्षमतेतील फरकाचे मूळ दात्यांच्या स्पर्शात आहे. प्लॅनेटरीमध्ये दाते एकमेकांवर बहुतांशी लोळतात आणि प्रत्येक टप्प्यात शक्तीचे दोन-तीन टक्केच नुकसान होते. वर्ममध्ये स्क्रूचा आटा चाकाच्या दात्यावरून घसरत जातो, आणि घर्षण नेमके या घसरणीत असते. वेगाचे प्रमाण पाच ते दहा असेल तर वर्मही ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोचतो. प्रमाण वाढत जाते तसा आट्याचा उतार मंद होतो, घसरण वाढते आणि साठच्या आसपास कार्यक्षमता ६०-६५ टक्क्यांवर येते. ही आकडेवारी यंत्र तापून लयीत आल्यानंतरची असते. थंड यंत्र जागेवरून हलवताना ती आणखी खाली असते, कारण तेलाचा थर तोवर बसलेला नसतो.

वर्मचा जो गुण सर्वाधिक सांगितला जातो, तो याच घर्षणाची दुसरी बाजू आहे. मोटार बंद केल्यावर भार उलटा फिरून खाली येत नाही, गिअरबॉक्स स्वतःच अडकून राहतो, असे विक्रेते सांगतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण यंत्रशास्त्राचा साधा हिशेब असा, की असा स्वयंरोध साधायचा तर सरळ दिशेची कार्यक्षमता साधारण पन्नास टक्क्यांच्या खालीच असावी लागते. ज्याला स्वयंरोध हवा, त्याने निम्मी शक्ती सोडून देण्याची तयारी ठेवायला हवी. शिवाय सतत हादरे बसणाऱ्या यंत्रात हा स्वयंरोध भरवशाचा नसतो. घर्षण हादऱ्याने सुटते आणि भार हळूहळू सरकतो. म्हणून माणसे किंवा अवजड माल उचलणाऱ्या यंत्रांना वेगळा ब्रेक लागतोच.

वर्मला उपरा किंवा टाकाऊ ठरवण्याची घाई मात्र करू नये. भारतीय उपखंडात सरकी वेगळी करण्याच्या लाकडी चरखीत वर्मचे दाते कित्येक शतकांपूर्वी कोरले जात होते, आणि सतराव्या शतकापर्यंत उसाचा रस काढणाऱ्या लाकडी रुळांनाही तीच युक्ती लावली गेली होती. बैलाच्या किंवा हाताच्या बळावर चालणाऱ्या यंत्रात रूळ एकमेकांविरुद्ध फिरवण्याचा तो स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा मार्ग होता. गुऱ्हाळाच्या चरकापासून पाच हजार टनी कारखान्यापर्यंत उसाचा प्रवास झाला, तरी वर्म त्याच्या सोबतीला राहिला तो या सोपेपणामुळे.

आता त्याच कारखान्यात डोकावले तर चित्र असे दिसते. गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत मंद गतीने फिरणारी शेकडो यंत्रे असतात: केन कॅरिअर, रसाच्या टाक्यांतील ढवळण्या, बगॅस वाहणारे पट्टे, मॅग्मा मिक्सर आणि क्रिस्टलायझर. यांपैकी क्रिस्टलायझर हा सर्वांत बोलका नमुना. पॅनमधून उतरलेले दाट मॅसेक्विट त्यात तासन्‌तास सावकाश ढवळत थंड केले जाते, म्हणजे मळीत उरलेली साखर दाण्यांवर जमते. त्याच्या दांड्याला एक फेरा पुरा करायला दोन-तीन मिनिटे लागतात. मोटारीच्या १४४० फेऱ्यांवरून इतक्या खाली यायचे तर वेग काही हजार पटींनी उतरवावा लागतो. जुन्या रचनेत त्यासाठी एक वर्म गिअरबॉक्स आणि त्यापुढे दांड्यावर आणखी एक वर्म-चाकाची जोडी असे. दोन्हींची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर मोटारीने दिलेल्या शंभर भागांतले जेमतेम ४२ भाग मॅसेक्विटपर्यंत पोचतात. चार टप्प्यांचा प्लॅनेटरी बसवला तर ८८ पोचतात. तेच काम निम्म्या अश्वशक्तीच्या मोटारीने होते, ही गोष्ट साखर उद्योगातील अभियंत्यांना नवी नाही. ज्यांनी क्रिस्टलायझरवर प्लॅनेटरी बसवले, त्यांनी मोटारीही लहान केल्या.

क्रिस्टलायझर हे टोकाचे उदाहरण म्हणून बाजूला ठेवले आणि साधी ढवळणी घेतली, तरी हिशेब बोलका आहे. समजा, तिच्या दांड्याला मिनिटाला २४ फेरे आणि ४ किलोवॉट शक्ती हवी आहे. म्हणजे वेग साठ पटींनी उतरवायचा. वर्मची कार्यक्षमता ६५ टक्के असेल तर मोटारीला ६.१५ किलोवॉट द्यावे लागतात आणि तेथे साडेसात किलोवॉटची मोटार बसते. तीन टप्प्यांचा प्लॅनेटरी ९१ टक्के देत असेल तर ४.४ किलोवॉट पुरतात आणि साडेपाचची मोटार भागते. मोटारीचे स्वतःचे नुकसान धरून विजेच्या मीटरवर दोन किलोवॉटचा फरक पडतो. वर्षाला आठ हजार तास चालणाऱ्या रासायनिक कारखान्यात तो १६ हजार युनिटचा झाला. युनिटला सात रुपये धरले, तर एका गिअरबॉक्समागे वर्षाला १ लाख १२ हजार रुपये. दोन्ही गिअरबॉक्सच्या किमतींतील तफावत या आकाराला फार काळ तग धरू शकत नाही.

साखर कारखान्याचा हिशेब मात्र येथे वेगळ्या वळणाने जातो, आणि उत्साही सल्लागार अनेकदा तिकडे काणाडोळा करतात. कारखाना वर्षभर चालत नाही. गाळप हंगाम १२० दिवसांचा धरला तर चोवीस तासांप्रमाणे २,८८० तास होतात, आणि वरच्या ढवळणीची बचत सुमारे ५,७६० युनिटवर, म्हणजे चाळीस हजार रुपयांवर येते. हंगाम शंभर दिवसांच्या आत आटोपला, तर तीही घटते. उसाची टंचाई असलेल्या वर्षात गिअरबॉक्स कितीही कार्यक्षम असला तरी तो उभाच असतो. त्यामुळे गुंतवणूक वसूल होण्याचा जो काळ रासायनिक कारखान्यात एका वर्षाच्या आसपास येऊ शकतो, तो साखर कारखान्यात दोन-तीन हंगामांपर्यंत लांबतो.

तरीही एक बाब साखर कारखान्याच्या पारड्यात जाते. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात आत वाचलेले प्रत्येक युनिट बाहेर ग्रिडला विकता येते. जुन्या काळी बगॅस मुबलक, वाफ मुबलक आणि वीज घरचीच, म्हणून ती कशीही वापरली तरी चालत असे. घरच्या विजेला बाजारभाव मिळू लागला आणि उधळपट्टीची किंमत प्रथमच कागदावर दिसू लागली. वर्म गिअरबॉक्सकडे अभियंत्यांचे लक्ष गेले त्याला तंत्रज्ञानापेक्षा हा बदल अधिक कारणीभूत आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आणि पैशांची निकड आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. २०२५-२६ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही तो तेवढाच होता. याच काळात उसाची एफआरपी २०१८-१९ मधील क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२५-२६ साठी ३५५ रुपयांवर गेली. ऊस उत्पादकाला मिळालेली वाढ रास्तच आहे. पण कच्च्या मालाचा दर चढता आणि पक्क्या मालाचा सरकारी आधारदर स्थिर, या कात्रीत सापडलेल्या कारखान्याला वाचवता येण्याजोग्या खर्चात वीज हे मोठे कलम आहे.

सर्वांत मोठी बचत अर्थात गिरणीच्या रुळांवर आहे. ऊस चिरडणारे रूळ मिनिटाला चार ते सहा फेरे घेतात आणि प्रत्येक गिरणीला शेकडो किलोवॉट लागतात. पूर्वी तेथे लहान वाफेचे टर्बाइन, त्यापुढे बंद गिअरबॉक्स आणि शेवटी उघडी अजस्र दंतचक्रे असत. उघड्या चक्रांवर वंगण ओतावे लागे आणि ते चिपाडाच्या भुश्शात मिसळून दाते खात असे. वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरील विद्युत मोटार आणि तिला जोडलेला अवजड प्लॅनेटरी गिअरबॉक्स यांनी अनेक कारखान्यांत ही जागा घेतली. टर्बाइनमध्ये जाणारी वाफ वीजनिर्मितीच्या मोठ्या संचाकडे वळवता आली. येथे वर्म स्पर्धेतच नव्हता, कारण इतकी शक्ती घसरत्या दात्यांतून नेली तर तेल उकळेल.

‘तेल उकळेल’ यात अतिशयोक्ती फारशी नाही. वर्म गिअरबॉक्सच्या दोन क्षमता असतात. एक दात्यांच्या मजबुतीची आणि दुसरी उष्णता बाहेर टाकण्याची. मोठ्या आकारात दुसरी आधी संपते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, बॉयलरशेजारच्या जागेत, धुळीने माखलेल्या कवचातून उष्णता बाहेर पडत नाही. तेल पातळ होते, दात्यांमधील थर फाटतो आणि ब्राँझचे चाक झिजू लागते. कॅटलॉगमधील क्षमता बऱ्याचदा वीस-पंचवीस अंशांच्या वातावरणासाठी दिलेली असते. ती तशीच्या तशी उचलून निवड करणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

प्लॅनेटरीच्या विरोधात मात्र एक मुद्दा आहे, आणि तो खरेदी विभागाच्या कंजूषपणातून आलेला नाही. वर्म बिघडला तर काय झाले ते तालुक्याच्या गावातील फिटरलाही कळते. आधी तेलात ब्राँझची सोनेरी पूड दिसते, मग आवाज बदलतो. नवे चाक जवळच्या ओतशाळेत ओतून, आटा कापून चार दिवसांत बसवता येते. प्लॅनेटरीचे आतले बेअरिंग गेले तर तुटलेला तुकडा सूर्य आणि ग्रह यांच्यामध्ये सापडून बाकीचे दातेही घेऊन जातो. तो उघडायला स्वच्छ जागा, मापाची साधने आणि अनुभवी हात लागतात. बरेचदा संपूर्ण संच उत्पादकाकडे पाठवावा लागतो. रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना एक तास थांबला तर दोनशेहून अधिक टन ऊस गव्हाणीबाहेर सुकत राहतो, बैलगाड्या आणि ट्रकांची रांग वाढते, उतारा घसरतो. मुख्य अभियंत्याला वर्षभरातील चाळीस हजार रुपयांच्या बचतीपेक्षा हा एक तास जास्त मोठा वाटत असेल, तर त्यात त्याला दोष देता येणार नाही. याला उपाय आहे तो साठ्याचा: एकाच मापाचे प्लॅनेटरी अनेक यंत्रांवर बसवायचे आणि एक संच राखीव ठेवायचा. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पुरवठादारांकडून सुटे सुटे गिअरबॉक्स घेत गेलेल्या कारखान्याला ही सोय मिळत नाही.

म्हणून सरसकट बदलाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. दिवसातून दहा मिनिटे उघडझाप होणारे दार, झडप किंवा चाळणी उचलणारे यंत्र यांवर वर्मच योग्य. तेथे नुकसान होते ते दहा मिनिटांचे, आणि भार जागेवर धरून ठेवण्याचा गुण उपयोगी पडतो. जेथे मोटार काटकोनातच बसवायला हवी आणि यंत्र सतत चालणार आहे, तेथे वर्मचा खरा प्रतिस्पर्धी प्लॅनेटरी नसून बेव्हल-हेलिकल गिअरबॉक्स असतो. या दोघांच्या भांडणात त्याचे नाव निघत नाही, हे नवलच. भारतातील एका मोठ्या गिअर उत्पादक कंपनीने, एलेकॉनने, २०१० मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड ब्राउन समूहाकडून रॅडिकॉन हा वर्म गिअरसाठी नावाजलेला व्यवसाय विकत घेतला होता. वर्मची बाजारपेठ संपलेली नाही, असा त्या व्यवहाराचा साधा अर्थ होता.

शहरी वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. पण मुंबई-पुण्यातील जुन्या इमारतींच्या गच्चीवर लिफ्टचे जे यंत्र बसलेले असते, त्यातही बहुधा वर्मच असतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिअरविना चालणाऱ्या कायमचुंबकी मोटारी आल्या आणि नव्या लिफ्टमधून तो मागे पडत गेला. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वीजबिलातील लिफ्टचा आकडा पाहून समित्यांमध्ये जी चर्चा होते, तीच चर्चा कारखान्यातही व्हायला हवी. तेथे ती होत नाही, कारण निर्णय घेणारा आणि बिल भरणारा एक नसतो.

हा खरा तिढा आहे. ढवळणी किंवा कन्व्हेयर बनवणारा यंत्रनिर्माता गिअरबॉक्स निवडतो. त्याची निविदा किमतीवर ठरते, म्हणून तो स्वस्तातला गिअरबॉक्स लावतो. वीजबिल पुढील पंधरा वर्षे कारखाना भरतो. सहकारी संस्थेत तर तीन दरपत्रकांतील सर्वांत कमी दर सोडून दुसरा स्वीकारला, तर लेखापरीक्षणात प्रश्न येतो आणि सर्वसाधारण सभेतही. अभियंत्याला पटलेली गोष्ट कागदावर मांडण्याची सोयच नसते.

अशी सोय एका क्षेत्रात मात्र फार पूर्वीपासून आहे. वीज मंडळे ट्रान्सफॉर्मर खरेदी करताना केवळ किंमत पाहत नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या आयुष्यात होणाऱ्या विजेच्या नुकसानीचे मूल्य रुपयांत काढून ते किमतीत मिळवतात आणि त्या बेरजेवर निविदा ठरते. पुरवठादाराने सांगितलेले नुकसान चाचणीत जास्त निघाले तर दंड होतो. गिअरबॉक्सच्या निविदेत हेच करायला कोणताही नवा कायदा लागत नाही. निविदेत अपेक्षित कार्यक्षमता, वर्षाचे चालू तास आणि युनिटचा दर या तीन ओळी वाढवाव्या लागतील. मग सर्वांत कमी दर कोणता, याचे उत्तरच बदलते आणि लेखापरीक्षकालाही ते नियमात बसलेले दिसते.

लहान उद्योगांसाठी सरकारी मदतीचा एक दरवाजाही उघडला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ‘अदिती’ म्हणून ओळखली जाणारी योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. फाउंड्री, फोर्जिंग, कापड, अन्नप्रक्रिया अशा उद्योगांतील ऊर्जाबचतीच्या यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना पाच टक्के, तर मध्यम उद्योगांना तीन टक्के व्याजसवलत देण्याची तरतूद तीत आहे. हे उद्योग वर्षभर चालतात, त्यामुळे वरचा आठ हजार तासांचा हिशेब त्यांनाच अधिक लागू पडतो. पण ऊर्जा लेखापरीक्षणाच्या अहवालांत मोटार, कॉम्प्रेसर आणि दिवे यांचीच यादी प्रामुख्याने असते. गिअरबॉक्स त्या यादीत शिरला नाही तर कर्जाच्या अर्जातही तो येणार नाही.

साखर कारखान्यांचे वेळापत्रक तर ठरलेले आहे. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो, त्यानंतर यंत्रे उघडली जातात आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. मोठ्या प्लॅनेटरी संचाची मागणी नोंदवल्यापासून तो हाती येईपर्यंत काही महिने जातात. कोणते वर्म गिअरबॉक्स जास्त तापतात आणि कोणती मोटार कामाच्या मानाने जास्त अँपिअर ओढते, याची मोजणी गाळप चालू असतानाच क्लॅम्प मीटर आणि तापमापक घेऊन करावी लागते. यंत्रे थंड झाल्यावर ती करता येत नाही, आणि त्या नोंदींवाचून निविदेतील तीन ओळी भरता येत नाहीत.